देवमनरावांची उजळणी

रत्नमालाबाईंनी आरशासमोरची ट्यूब उचलून दाबून पाहिली. गेल्या आठवड्यात गुबगुबीत असलेली ट्यूब पार चपटी झाली होती. नागपूरला फार्मसी शिकणाऱ्या सपनानं आईच्या सुरकुत्यांसाठी हे रेटिनॉल पाठवलं होतं आणि बजावलंही होतं, "आई, मटराच्या दाण्याएवढंच घेजो. रातच्यालेच लावजो. अन् उन्हापासून जप."

"काहो, हे कोनं संपवलं?"

"म्या," देवमनराव म्हणाले. "आपल्या पोराले, उत्कर्षले, पोरगी पाहाले जाचं हाय ना? म्हनलं, आपनही जरा उजळून जावं. रोज सकाळी आंघोळ झाली का चोपडतो. मानीलेही लावतो."

"अन् मंग तसेच गाडीवर वाशीमले जाता? या ऑक्टोबरच्या उन्हात?"

"मंग हापिसात काय रातच्याले जाऊ?"

बाईंनी त्यांना खिडकीशी ओढलं. तोंड लालबुंद झालं होतं आणि नाकावरून कांद्यासारखे पापुद्रे सुटत होते.

"आग होत नव्हती काय?"

"होत होती ना! मले वाटलं, काम करून राह्यलं."

बाईंनी कपाळावर हात मारून सपनाला फोन लावला. तेवढ्यात देवमनराव शेजारच्या भागिरथाबाईंचा सल्ला घेऊन बेसनात लिंबू पिळून तोंडाला थापून मोकळे झाले. मग जी बोंब उठली, ती अर्ध्या अनसिंग गावानं ऐकली.

"तुमी तिथं तोंड उघडू नका," रविवारी कारंज्याच्या एसटीत बाईंनी दम भरला.

कारंज्यात मुलीच्या घरी जयभीम झाला, चहा आला. देवमनरावांनी कप तोंडाशी नेला आणि नाकाचा एक पापुद्रा अलगद चहात पडला. बाईंनी डोळे मिटून घेतले. मुलीचे वडील गोपीचंद टक लावून पाहत होते.

"तोंडाले काय झालं?"

"ऊन लागलं," बाई घाईनं म्हणाल्या. ते काही खोटं नव्हतं.

"वावरात?"

देवमनरावांनी, तोंड न उघडता, मान डोलवली.

गोपीचंदांचा चेहरा खुलला. "पाहा! नोकरी करून वावरात राबते मानूस! याच्या आंधी आले ते समदे पावडर चोपडून आले. मले असाच व्याही पाह्यजे होता."

पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. पेढे वाटले गेले. देवमनराव बायकोकडे विजयी मुद्रेनं बघत असतानाच गोपीचंद जवळ सरकले.

"व्याहीबुवा, वावरातलं सोयाबीन सोंगाले आलं, अन् मजूर भेटून नाही राह्यले. बुधवारी येता काय?"

देवमनरावांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी रत्नमालाबाई गोड हसून म्हणाल्या, "येतीन ना! त्याईले वावराबिगर करमतच नाही."