लाल बर्फीची चाखणी

एका जंगलात, बाळांनो, साळूबाई नावाची साळींदरीण राहायची. जंगल कुठलं ते विचारू नका. सांगितलं की रविवारी तुमचे आईबाप तिथे गाडी घेऊन जातात.

साळूबाई बर्फी करायची. एकदा तिच्या शिळ्या भातावर लालभडक बुरशी आली. दुसरी कुणी असती तर भात फेकून मोकळी झाली असती. हिने बुरशी वाळवली, कुटली आणि बर्फीत घातली. अगं बाई! बर्फी इतकी लाल झाली की पोपटांनी लाजून चोची झाकल्या.

आठ दिवसांवर पिल्लांची पंगत होती. साळूबाईची चारही पिल्लं जेवणार होती. पण कासववैद्य म्हणाले, "पोरी, जी बुरशी रंग देते ती कधीकधी विषही देते. आधी तपासून घे."

साळूबाई तडक दरबारात गेली. तिने सिंहमहाराजांकडे अर्ज केला, 'पिल्लं खाणार आहेत, तरी रंगाची चाचणी व्हावी.' महाराजांनी सही ठोकली. माकड कारकुनाने अर्जाची नक्कल केली. आता नक्कल करायला माकडाला का शिकवायला हवं? फक्त 'चाचणी'चं 'चाखणी' झालं. दात काढू नका रे, पुढे ऐका.

लगेच चाखणी समिती नेमली गेली. कोल्हा अध्यक्ष, अस्वल आणि रानडुक्कर सदस्य. तिघे पानं मांडूनच बसले.

"वेलची कमी आहे," कोल्ह्याने शेरा मारला.

"वाढवते हो. पण विष?"

"विषाची चव काही लागली नाही. आणखी एक ताट आणा, म्हणजे खात्रीने सांगता येईल."

पाच दिवस खात्री चालली होती. सहाव्या दिवशी रानडुकराचे पाय सुजले. अस्वल झाडाआड गेलं ते किंचाळतच परत आलं, "लाल होतंय हो, लाल!"

समितीची तातडीची बैठक भरली. वेलची बाधली, असा निष्कर्ष निघाला. वेलचीवर बंदी आली. बर्फीला मात्र प्रमाणपत्र मिळालं: 'अध्यक्ष हयात आहेत. सबब बर्फी निर्धोक आहे.'

साळूबाईने प्रमाणपत्र वाचलं. मग डुकराचे पाय पाहिले. तिला रडूच कोसळलं. उरलेली बर्फी तिने खोल खड्ड्यात पुरली आणि पंगतीत साधा दहीभात वाढला. पिल्लं हिरमुसली. तिची धाकटी तर पाय आपटत म्हणाली, "आई, तू दुष्ट आहेस!" पण सगळी पिल्लं धडधाकट घरी गेली.

साळूबाईवर खटला झाला. गुन्हा काय, तर समितीवर अविश्वास. आजारी समिती बरी होईपर्यंत तिने समितीला रोज दोन वेळा खाऊ घालावं, अशी शिक्षा झाली.

तात्पर्य: पिल्लांचा खाऊ कधी तपासायला देऊ नये. चांगला निघाला तर पिल्लांना उरत नाही, आणि वाईट निघाला तर तपासणाऱ्यांची सेवा करावी लागते.