दोन्ही हातांची संमती

माणसं गोळा करायची असतील तर मला सांगावं. बढाई नाही ही. मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात सप्ताहाचा मंडप माझ्या एका हाकेवर भरतो. म्हणून, जेव्हा जिल्ह्याहून निरोप आला, की औषधांची फिरती गाडी गावात येत राहावी की नाही हे आता गावकरीच ठरवणार, तेही पडद्यावरच्या सभेत, तेव्हा सरपंच ललिताताई थेट माझ्या ओट्यावर आल्या.

"खुशालभाऊ, ग्रामसभेले तर कुत्रं फिरकत नाई. लोकं आना."

"देवळाच्या मंडपात ठेवा. संगं मृदंग लावतो. बसाले जागा उरली तर माहं नाव बदला."

ती वर्षं वाईट होती. संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या, तरणी पोरं पुण्याच्या कंपन्यांत गेलेली, गावात उरलेली सारी दुखरी हाडं. त्यांत माझी शेजारीण आयशाबी, रजया भरणारी. साखरेच्या आजारानं तिच्या पायाची जखम भरत नव्हती. दर मंगळवारी गाडीतली सिस्टर ती धुऊन बांधून द्यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा पाय फार चालवला तर कापावा लागेल. गाडी बंद झाली तर बाईनं मोर्शीला जायचं कसं?

सभेच्या दिवशी मंडप गच्च! समोर पडदा, वर कॅमेरा. वर झालेले हात तोच मोजणार आणि आकडा पडद्यावर आणणार. अमरावतीहून जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या ज्योत्स्ना मॅडम पडद्यावर उजळल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. संजयाला बसल्या जागी कुरुक्षेत्र दिसलं, हे जन्मभर ऐकत आलो. इथे अमरावतीत बसून मॅडमना आमचा बुधाजी घोरताना दिसला!

"ते खांबाजवळचे काका, उठा बरं."

बुधाजीनं घाबरून पडद्याला दंडवतच घातला.

आणि बाईंची वाणी काय सांगू! आधी दृष्टान्त, मग मुद्दा, मग आवाज हळूच खाली. मी डोलायला लागलो. शेवटी त्या म्हणाल्या, "गाडी गावोगाव न फिरवता तालुक्यालाच उभी ठेवावी, असा प्रस्ताव आहे. ज्यांची संमती आहे त्यांनी हात..." आणि पाणी प्यायला थांबल्या.

आता, एवढं रंगवून वक्ता थांबला की श्रोत्यांनी काय करायचं, हे आमच्या गावाला पाळण्यात शिकवलेलं. मी गजर केला, "पुंडलिक वरदे!" अख्ख्या मंडपानं दोन्ही हात उंच करून "हरि विठ्ठल" म्हटलं. मृदंगावर थाप पडली.

पडद्यावर आकडा आला. हजर माणसांच्या दुप्पट संमती!

"खुशालभाऊ," आयशाबी शांतपणे म्हणाली, "दुसऱ्याच्या पायावर धोंडा टाकाचा तं एका हातानं टाका. दोन कायले?"

ललिताताई माइककडे धावल्या. "मॅडम, ते मत नव्हतं. देवाचा गजर होता."

"यंत्राला त्यातला फरक कळत नाही हो. पण माणसांपेक्षा हात जास्त, म्हणजे मोजणी रद्द. उलटं विचारून पाहू."

मी ताडकन उठलो. "आता कोणी हात हालवला तर याद राखा. नाकावर माशी बसली तरी बसू द्या."

"गाडी गावात येत राहावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," मॅडम म्हणाल्या.

एक बोट हललं नाही. माझा शब्द गावात असा पाळतात. माशा खुशाल बसल्या. पडद्यावर शून्य.

मॅडमनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात आयशाबी काठी टेकत कॅमेऱ्यापुढे गेली.

"मॅडम, हे मशीन निस्ते हातच पाह्यते का? तोंड चालत असन तं मी बोलतो."

"बोला, आजी."

"हे लोकं येडे नाई. पयले यायनं देवाले हात केले, अन् आता या भाऊले भेले. हे पाहा." तिनं खांबाला टेकून पट्टीचा पाय वर धरला. "हा पाय मोर्शीले जात नाई. कोनालेतरी याच्यापाशी यावं लागन."

मग कौशल्याबाई उठली. हिचा आवाज मी आजवर फक्त आरतीत ऐकलेला. "मले दम लागते, बाई. मंगयवारची वाट पाह्यतो मी." तिच्यामागे बुधाजी, त्याच्यामागे रांगच लागली. कधी कोणापुढे तोंड न उघडणारी माणसं अमरावतीशी आपल्या दुखण्याचं बोलत होती, आणि पलीकडची बाई मान हलवत ऐकत होती. माझे डोळे भरून आले. इतकी कीर्तनं ऐकली, पण असं काही ऐकलं नव्हतं.

"यंत्रात बोलण्याची सोय नाही," मॅडम म्हणाल्या, "मी हातानंच लिहून घेते."

गाडी राहिली. थांबाही आयशाबीच्या दारात ठरला.

आदेशाखाली मात्र एक वेगळी ओळ होती: पुढील सभेत श्री. खुशालराव यांना कॅमेऱ्याच्या मागे बसवावे. बसतो. तिथूनही ऐकू छान येतं. फक्त हात मांडीखाली दाबून ठेवावे लागतात, त्यामुळे मुंग्या येतात.