पाणी वर कसं चढतं?

चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत हणमंतअण्णा शिंपी पुढाऱ्यांची परीक्षा घ्यायचे, आणि तीही टेप त्यांच्या गळ्याभोवती असताना.

"गळ्याचं माप घेताना माणूस हलत नाही," ते मला सांगत. "पळतही नाही. तेव्हाच विचारायचं."

नव्वदनंतर केव्हातरी मी निपाणीहून बेंगळुरात नोकरीला आलो आणि त्यांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. अण्णांचे पूर्वज कधीकाळी मराठी फौजेबरोबर इकडे आले होते. फौज परत गेली, शिंपी राहिले. तेव्हापासून त्यांच्या मराठीत कानडी मुरत आलेली. 'थोडं'ला ते 'स्वल्प' म्हणत, 'बरं'ला 'सरी'. मी एकदा बोलताना 'किंचित' म्हणालो, तर ते कुठलं कापड म्हणून त्यांनी चौकशी केली.

खादीचा जुब्बा त्यांच्यासारखा कुणी शिवत नसे, म्हणून आसपासचे सगळे पुढारी त्यांच्याकडेच येत. टेप गळ्यात पडली की अण्णा विचारत, "ह्या आठवड्यात नवीन काय कळलं तुम्हाला?" समोरचा जनता, विकास असं काहीतरी सुरू करी. अण्णा तोंडातली टाचणी काढून म्हणत, "स्वल्प नेमकं सांगा." नेमकं काही निघेना, की शेवटी उत्तर येई, "बघतो, अण्णा." मग मापाच्या वहीत नोंद होई: छाती बेचाळीस, बाही चोवीस, बघतो तीन. एका माजी मंत्र्यांचे 'बघतो' इतके झाले होते, की पोटाचं माप पुढच्या पानावर गेलं होतं.

मलाही यातून सुटका नव्हती. जिना उतरण्याआधी मी पेपर वाचून घ्यायला लागलो, तो अण्णांच्या भीतीनं.

त्या वर्षी चिक्कण्णा नावाचा एक उमदा माणूस आमचा नगरसेवक झाला. शपथविधीच्या जुब्ब्याचं माप द्यायला तो आला तेव्हा मी दुकानातच होतो. बोलणं कानडीत झालं, मी मराठीत सांगतो.

"पाण्याच्या कमिटीवर जाणार म्हणे तुम्ही," अण्णा टेप टाकत म्हणाले. "आपल्या नळाला पाणी कुठून येतं?"

"कावेरीतून," चिक्कण्णा खूश होऊन म्हणाला.

"नदी तिकडे खाली. गाव इकडे वर. मग पाणी वर कसं चढतं?"

चिक्कण्णानं माझ्याकडे पाहिलं. मी शिलाई मशीनकडे पाहिलं.

"ते इंजिनियर लोक बघतात."

"आणि तुम्ही?"

"अण्णा, जुब्बा शिवा. शाळा घेऊ नका."

अण्णांनी शांतपणे टेप गुंडाळली. "सरी. उत्तर आणा, जुब्बा न्या."

चिक्कण्णानं चिकपेटेतून घेतलेल्या तयार जुब्ब्यात शपथ घेतली. बाह्या इतक्या लांब होत्या, की हात जोडले तेव्हा हात दिसलेच नाहीत. पण त्याच्या कार्यकर्त्यांनीही आमच्या गल्लीकडे पाठ फिरवली. दुकानातली दोन्ही मशीनं गप्प झाली. अण्णा दिवसभर खडू कोरत बसत.

"कशाला त्याला डिवचलंत?" मी एकदा म्हणालो.

"गिऱ्हाईक गेलं तर गेलं. पण पाणी चढतं कसं?"

"म्हणजे? तुम्हालाही माहीत नाही?"

"माहीत असतं तर विचारलं कशाला असतं?" अण्णांना माझ्या अकलेची कीव आली असावी.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी सकाळी दुकानापुढे जीप थांबली. आतून चिक्कण्णा उतरला.

"कमिटीत मी तुमचा प्रश्न विचारला," तो म्हणाला. "सगळे हसले. मग लक्षात आलं, हसणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. इंजिनियर म्हणाले, येऊनच बघा. म्हटलं, एकट्यानं कशाला जायचं? चला."

अण्णांनी गिऱ्हाइकाचा अर्धा पायजमा तसाच मशीनखाली सोडला. मी मागच्या बाजूला चढलो.

कनकपुऱ्याच्या वाटेनं पुढे एका पंपघरात आम्ही पोचलो. आत इतका आवाज, की इंजिनियर कानाशी ओरडून सांगत होते. पाणी एका दमात येत नाही. एक पंप ते एका टप्प्यापर्यंत ढकलतो, तिथल्या टाकीत ते थांबतं, मग दुसरा पंप. अण्णांनी इतके 'स्वल्प नेमकं' केले, की इंजिनियरांनी खुर्ची मागवली. "वीज गेली तर?" ह्या प्रश्नावर ते गडबडले. चिक्कण्णानं खिशातून कागद काढून लिहून घेतलं. "हे सोमवारी विचारतो. मंगळवारी दुकानात येऊन सांगतो."

निघताना अण्णांनी त्या जाडजूड नळावर तळहात ठेवला. आत पाणी धावत होतं. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

जीप परत निघाली. गाव जवळ आलं तेव्हा चिक्कण्णानं विचारलं, "अण्णा, हा प्रश्न तुम्हाला सुचला कसा?"

"माझा नव्हे. आमच्या हिचा."

अण्णांच्या बायकोला मी पाहिलं नव्हतं. मी येण्याच्या आदल्या वर्षीच ती गेली होती.

"पहाटे नळावर घागर भरताना विचारायची," अण्णा म्हणाले. "पाणी इतकं वर चढून येतं कसं हो? मी म्हणायचो, तुला काय करायचंय? भर आणि आत जा. किती वर्षं विचारलं तिनं." ते स्वल्प थांबले. "तुम्हाला जाब विचारणं सोपं आहे, चिक्कण्णा. पाच वर्षांनी तुम्हाला पुन्हा दारात यावंच लागतं. नवऱ्याला कुठलं इलेक्शन?"

चिक्कण्णानं ड्रायव्हरला उगाचच सावकाश चालव म्हणून सांगितलं.

अण्णा बाहेर बघत होते. मग ते मराठीत, अगदी हळू, माझ्याशी नव्हे, म्हणाले, "एका दमात नाही गं चढत. मध्ये मध्ये थांबतं. मग येतं."