प्राचार्यांच्या प्रवेशाचा ठराव

अकोल्याच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या तासाला पटावर पंधरा नावं होती आणि बाकांवर चार. त्या चारांतले तिघं झोपत. अकरा वर्षं शिकवून प्राध्यापक वामनराव इतके थकले होते, की झोपणाऱ्यांचा त्यांना राग येत नसे, हेवा वाटे.

"शुक्रवारी मी स्वतः वर्गात येऊन डोकी मोजणार," प्राचार्य भगवंतराव म्हणाले. "दहा भरली नाहीत, तर जूनपासून विषय बंद."

म्हणून वामनरावांनी वर्गातच सुरक्षा परिषद भरवली. तेव्हा परिषदेत अकराच देश असत; म्हणून अकरा पोरं, अध्यक्ष स्वतः. अमेरिकेसाठी भांडणं झाली. ती पंजाबरावानं पटकावली. रशिया कोणीच घेईना, तो उशिरा आलेल्या धर्मपालच्या वाट्याला आला. शुक्रवारी अकराही हजर. सुएझ कालव्यावरून बाकं बडवली जात होती, तेवढ्यात प्राचार्य दारात आले.

धर्मपाल उठला. "अध्यक्ष महाराज, बाहेरच्या मानसाले आत घ्याले ठराव लागते."

"अरे, मी प्राचार्य आहे!"

"असान सर. पन सदस्य नाई."

वामनराव अमेरिकेकडं वळले. "पंजाबराव, मांड ठराव. लवकर!"

बाजूनं दहा हात वर झाले. विरोधात एकच, धर्मपालचा. "माहा व्हेटो."

"काहून छळून राहिला बे?" पंजाबराव ओरडला.

"अमेरिकेनं आनलेला पाहुना मी कसा घेऊ?"

"हा कामकाजाचा प्रश्न आहे," वामनराव घाईनं म्हणाले. "त्याला व्हेटो लागू नाही."

"पन कामकाजाचा हाय का नाई, यावरबी मत घ्या लागते सर. अन् तिथं व्हेटो चालते. तुमीच सांगतलं, गनपतीच्या सुटीच्या आदल्या दिवशी."

वामनरावांना तो तास आठवला. त्या दिवशी तिघं झोपले होते आणि हा खिडकीबाहेर पाहत होता. तो ऐकतही होता, हे त्यांना आज कळत होतं.

एका दटावणीत पोरगा खाली बसला असता. विषय वाचला असता.

"ठराव नामंजूर," वामनराव म्हणाले आणि प्राचार्यांच्या तोंडावर त्यांनी हलकेच दार लावलं.

तास संपल्यावर ते मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवतच बाहेर आले. व्हरांड्यात खिडकीशी स्टूल ओढून प्राचार्य बसले होते. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"वामनराव, सोमवारच्या बैठकीच्या आत रशियाले भेटा लागते. कोनाच्या मार्फत जाऊ?"