पावाची सिगारेट

पहिल्या खेपेचा पाव कोळसा होऊन बाहेर आला तेव्हा अण्णांनी भट्टीला दोष दिला. दुसऱ्या खेपेला सरपणाला दिला. तिसऱ्या खेपेचा पाव बाहेरून काळा आणि आतून कच्चा निघाला, तेव्हा दोष द्यायला बायकोशिवाय कोणी उरलं नव्हतं. पण बायको गल्ल्यावरून उठून आधीच भट्टीच्या दारात येऊन उभी होती, त्यामुळे तीही सोय राहिली नाही.

"अहो, झालंय काय तुम्हाला? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून एक पाव करपलेला बघितला नाही मी. आणि आज हे? करपल्याचा वास तरी येत नाही का?"

"वास? मला कुठला वास येतोय," अण्णा म्हणाले. "माझं नाक फक्त चष्मा ठेवायला आहे."

ते खरंच होतं. अण्णांचा पाव अख्ख्या पेठेत नावाजलेला. लोक लांबून त्याच्या वासावर यायचे. त्या पावाचा वास फक्त अण्णांना कधी आला नव्हता, कारण मिसरूड फुटल्यापासून त्यांच्या नाकात तंबाखूच्या धुराने बिऱ्हाड केलं होतं. ते बिऱ्हाड अण्णांनी त्या सोमवारीच मोडलं. कानाला खडा लावून सिगारेट सोडली. त्याआधीही त्यांनी ती पुष्कळदा सोडली होती, पण या वेळची गोष्ट वेगळी होती. या वेळी मधे नात होती.

नातीला सव्वा महिना होताच अण्णा धावतपळत लेकीकडे गेले होते. हात पुढे करून पाळण्यापर्यंत पोचले, तेवढ्यात लेक आडवी आली. "बाबा, तिथेच थांबा. तिची छाती नाजूक आहे, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. तुमच्या कपड्यांना, हातांना, मिशीलासुद्धा वास येतो. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मी स्वतः तिला तुमच्या मांडीवर ठेवीन. पण त्याआधी नाही." अण्णांनी दारातूनच नात बघितली. म्हणजे दुपट्यातून बाहेर आलेली एक मूठ बघितली. घरी आल्यावर खिशातलं सिगारेटचं पाकीट त्यांनी भट्टीत टाकलं. येत्या रविवारी लेक बाळाला घेऊन पहिल्यांदाच बेकरीत येणार होती.

आणि आता हा पाव!

"बरं, मला एक सांगा," बायको करपलेला पाव उलटासुलटा करत म्हणाली. "पावाचे पत्रे भट्टीत सरकवले की तुम्ही काय करायचात?"

"मागच्या दारात जायचो."

"आणि?"

"एक ओढायचो."

"आणि?"

"आणि काय? संपली की पत्रे बाहेर काढायचो."

दोघांची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते गिऱ्हाइकांसाठी. अण्णांनी त्याच्याकडे पाहून आयुष्यात पाव काढला नव्हता. भट्टी कडक असली की मागच्या दारापर्यंत धग यायची आणि झुरके आपोआप भराभर पडायचे. भट्टी मंदावली की अण्णाही निवांत ओढायचे. डोक्याला पत्ता न लागता हात हिशेब करत होता, आणि अण्णांनी सिगारेटबरोबर तो हिशेबही भट्टीत टाकला होता.

"मग घड्याळावर काढू," बायको म्हणाली. घड्याळावर काढला. सकाळचा पाव जळला आणि दुपारचा कच्चा राहिला, कारण सकाळची भट्टी आणि दुपारची भट्टी यांत सख्ख्या जावांइतकं अंतर असतं आणि घड्याळाला त्यातलं काही कळत नाही. दर क्षणाला दार उघडून बघायला जावं, तर भट्टी थंड पडायची. त्यातून अण्णांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तलफ मारायला लवंगा चघळून जीभ बधिर झाली होती. कच्चं पीठ खाऊन पोट फुगलं होतं. "पाव आहे की विटा?" असं विचारणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला त्यांनी, "विटा असत्या तर महाग दिल्या असत्या!" असं सुनावलं आणि ते गिऱ्हाईक कायमचं घालवलं. करपलेल्या पावांची पोती मागच्या दाराशी साठत चालली.

शनिवारी बायको टेकीला आली. "हे बघा, सिगारेट तुम्हाला वर्ज्य आहे. पावाला नाही ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या कोणीतरी ओढायची. तुम्ही नुसतं बघायचं."

दुसरा कोणीतरी समोरच होता. गल्लीपलीकडचा सलूनवाला. तोही गिऱ्हाइकाच्या डोक्याला कलप फासला की बाहेर येऊन एक सिगारेट ओढायचा आणि ती संपली की डोकं धुवायचा. म्हणजे कामाचा अनुभव दांडगा. रोजचा एक गरम पाव ठरला आणि सलूनवाला अण्णांच्या मागच्या दारात पावाची सिगारेट ओढायला हजर झाला.

पण हा माणूस बोलका. पहिलाच झुरका घेऊन त्याने मेहुण्याच्या घटस्फोटाची हकिकत काढली. हकिकत रंगात आली, सिगारेट बोटांतच राख होत राहिली आणि पाव त्या मेहुण्याच्या संसाराच्या वाटेने गेला.

"अरे, ओढ ना!" अण्णा ओरडले. "बोलतोस काय?"

पुढच्या खेपेला सलूनवाल्याने रागाने तोंड शिवलं आणि अशी भराभर ओढली की पाव पांढराफटक बाहेर आला. अण्णा आगीतून फुफाट्यात पडले. त्यात भर म्हणजे त्याचा धूर नेमका खुंटीवरच्या अण्णांच्या कोटात जाऊन बसत होता.

रविवार उजाडला. अण्णांनी नातीच्या नावाचे छोटे छोटे गोड पाव वळले. जीव ओतून वळले. पत्रे आत सरकवले आणि लेक येणार म्हणून कोट चढवला. सलूनवाल्याने पेटवली.

"तुझ्या अंगाला कसला रे वास येतोय हा उग्र?" अण्णांनी नाक मुरडलं.

"कलपाचा. नेहमीचाच आहे. आजच आला होय तुम्हाला?"

तेवढ्यात सलूनमधून हाक आली. कलप लावलेलं गिऱ्हाईक "डोळ्यांत गेला, डोळ्यांत गेला!" म्हणून बोंबलत होतं. "धरा जरा, आलोच," असं म्हणत सलूनवाल्याने जळती सिगारेट अण्णांच्या हातात कोंबली आणि तो गल्ली ओलांडून पळाला.

अण्णांनी ती शेपटीला धरलेल्या उंदरासारखी लांब धरली. पण हात जुना, त्याला सवयीची वाट ठाऊक. तो आपला आपण वर निघाला. छातीपर्यंत आला. हनुवटीपर्यंत आला. अण्णांच्या तोंडाला पाणी सुटलं. मग डोळ्यांसमोर दुपट्याबाहेरची ती मूठ आली, आणि त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट पकडून खाली ओढलं.

"बाबा!"

लेक लहानपणापासून मागच्या दारानेच यायची. आजही तशीच आली होती. खांद्यावर बाळ होतं आणि नजर सिगारेटवर होती.

"ही... ही माझी नाही," अण्णा म्हणाले.

"मग कोणाची?"

"पावाची आहे."

लेकीने बाळावर पदर ओढला. "बाबा, खोटं बोलायचं तर निदान जरा बरं तरी बोला. तुमच्या कोटाला भट्टीपेक्षा जास्त धूर आहे! आणि मी वेडी, सगळ्यांना सांगत आले की माझ्या बाबांनी सोडली म्हणून."

आवाज ऐकून बायको पळत आली. "अगं, ऐक तर. तू समजतेस तसं नाही. त्यांना ओढायची नाही म्हणून आम्ही ओढायला माणूस ठेवलाय!"

हे खरं होतं, पण ऐकायला इतकं खोटं होतं की अण्णांनाच लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाच्याच हातात चोरीचा माल. त्यांनी सिगारेट भट्टीच्या चुलाण्यात भिरकावली. "जा तू," ते म्हणाले. "बाळाला धूर लागेल. जा." एवढं बोलताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचा दोष धुराला देता येईना.

लेक तरातरा वळली आणि दाराशी ठेवलेल्या पोत्याला अडखळली. पोतं कलंडलं. काळेठिक्कर पाव गडगडत गल्लीभर झाले. त्यामागचं पोतंही कलंडलं.

"हे काय?"

"तुझ्या बाबांचा पराक्रम," बायको म्हणाली. "सोमवारपासून एक पाव धड निघाला नाही. अख्खी पेठ हसतेय."

लेक थबकली. ती याच भट्टीच्या उबेला रांगली होती. करपलेला पाव तिने या घरात कधी बघितला नव्हता, आणि मागच्या दारातली सिगारेट संपली की पत्रे बाहेर येताना तिने रोज बघितले होते. तिने एक काळा पाव उचलला. मग दुसरा. मग तिच्या खांद्यावरचं बाळ हलायला लागलं, कारण लेक हसत होती.

"आई गं! म्हणजे खरंच सोडलीय यांनी! बाबा, चोरून एक जरी ओढली असतीत ना, तरी एक खेप चांगली निघाली असती!"

"तेच तर सांगतोय मघापासून," अण्णा म्हणाले. खरं तर त्यांना हे आत्ताच सुचत होतं.

"काढा तो कोट. हात धुवा. साबणाने, कोपरापर्यंत. मिशीसुद्धा."

अण्णांनी तोंड असं घासलं की मिशी उभी राहिली. ते स्टुलावर ताठ बसले आणि लेकीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळाने त्यांच्याकडे पाहिलं, आजोबा पसंत पडल्यासारखी जांभई दिली आणि त्यांचं बोट मुठीत घट्ट धरलं. सिगारेट धरायचं तेच बोट. अण्णांनी मान खाली वाकवली. टाळूला दुधाचा वास होता, तेलाचा होता, आणि धुतलेल्या सुती कापडाचा होता. अण्णा हावऱ्यासारखे तो वास घेत राहिले. सोमवारपासून छातीवर बसलेला धोंडा कोणीतरी उचलून नेला, इतकं त्यांना हलकं वाटलं.

आणि मग त्यांची मान एकदम वर झाली.

"पत्रे काढ!"

"आता? अर्धी सिगारेट तर तुम्ही फेकून दिलीत. कशावरून झाला?"

"वास येतोय! झालाय! अगं, काढ, काढ!"

बायकोने धावत जाऊन दार उघडलं. पाव सोनेरी होते. एकही काळा नाही, एकही पांढरा नाही. अण्णा डोळे मिटून बसले होते. "हा असा येतो होय," ते हळूच म्हणाले. "लोक उगीच येत नव्हते."

इतक्यात सलूनवाला धापा टाकत आला. "दिलं डोळ्यांत पाणी मारून. पण कलप अजून मुरायचाय, अर्धी ओढायची राहिलीय. कुठेय माझी?"

"भट्टीत. आणि तुझी नोकरीही गेली."

"अहो अण्णा, मग मी डोकं कधी धुवायचं ते कसं कळणार?"

अण्णांनी मांडी न हलवता नाक गल्लीच्या दिशेने वळवलं आणि एक लांब श्वास घेतला.

"पळ," ते म्हणाले, "झालंय तुझं गिऱ्हाईक."