आबांचा काळा पडदा

आमच्या शेजारचे नामदेवआबा सकाळी कुणालाच "चहा झाला का" असं विचारायचे नाहीत. घागर घेऊन नळावर निघालं की ते ओट्यावरून ओरडायचे, "काय पाहिलं?" म्हणजे स्वप्नात काय पाहिलं. सांगितल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचे नाहीत.

आबा तरुणपणी जत्रेतल्या तंबूच्या सिनेमात मशीन चालवायचे. केजच्या आसपासची एक जत्रा त्यांनी सोडली नाही. त्यामुळं झोपसुद्धा त्यांना खेळासारखीच वाटते. सगळ्या गल्लीच्या डोक्यात रोज खेळ लागतो आणि त्यांच्या डोक्यात दोन वर्षांत एकही लागला नाही, हे त्यांचं दुःख. "डोळा लागला की पडदा काळा. मशीन चालू हाय, रीळच न्हाई."

समोरच्या सुमनताई मुद्दाम सांगायच्या, "आबा, मी हत्तीवर बसून वडवणीच्या बाजाराला गेलते."

"रंगीत का काळापांढरा?"

"हत्ती काळाच असतो की!"

"हत्ती न्हाई, खेळ!"

मी पडले लाजरी. मला विचारलं की पदर तोंडाला लावून "काई न्हाई" म्हणायचं आणि सटकायचं. आबा मागून म्हणायचे, "सूनबाईचा बी काळाच!"

तान्ह्या बाळाला झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून चाटवतात. आबांनी विचार केला, बाळाला एक वळसा, तर आपल्याला अख्खं. तसं एक जायफळ उगाळून दुधात घालून प्याले. दुसऱ्या दिवशी बारा वाजले तरी उठेनात. निरोप गेला तशी वडवणीहून लेक जीपभर पाहुणे घेऊन आली. तिनं हंबरडा फोडला तसा आबांनी एक डोळा उघडला. "गप बसा. आता चालू हुईल."

डॉक्टरांनी झापलं, "पुन्हा खाल्लं तर कायमचा पडदा पडेल."

"पर दिसलं काय?" सुमनताईंना राहवलं नाही.

"काळंच. पर लई लांबलचक."

शिवरात्रीला सुमनताईंच्या नवऱ्यानं आबांना भांगेचा ग्लास दिला. ते दुपारभर आमच्या म्हशीपुढं बसून तिच्याशी बोलत होते, मधेच खो खो हसत होते. म्हैस रवंथ करत ऐकत होती. संध्याकाळी कळलं, ग्लासात नुसतं बदामाचं दूध होतं. गल्ली हसून लोळली. आबा मात्र गंभीर. "भांग नव्हती, तर दुपारभर माझ्या डोस्क्यात मशीन कुणी चालवलं बे?"

 

होळीच्या आदल्या दिवशी मी पुरणासाठी जायफळ मागायला त्यांच्याकडं गेले. त्यांची बायको, कौसाकाकू, होती तेव्हा तीच द्यायची. ती जाऊन दोन वर्षं झाली. आबांनी तिचा डबा उघडला. आत एकच जायफळ. त्यांनी ते मुठीत धरलं.

"हे मागू नको. आज आणिक एकदा बघणार हाय."

"आबा, डॉक्टर काय म्हणले? एवढं काय बघायचंय?"

"तिला. सगळ्या गल्लीला इचारलं, कुणाच्या तरी खेळात दिसली असंल म्हणून. लग्नाआधी ती पडद्याच्या मागं बसून फुकट बघायची. उलटा सिनेमा. आता बी मागंच बसली असंल."

माझ्या तोंडून कसं निघालं कळलं नाही. "माझ्या सपनात आलती काकू."

आबा सावरून बसले. "काय म्हणली?"

"काई न्हाई. नुसती हसली."

त्यांनी मान हलवली. "मंग दुसरी कुणीतरी. आमची गप बसंल व्हय?"

मला धड खोटंही बोलता येईना. मूठ काही सुटेना. मी तोंडावरचा पदर काढला आणि एका दमात म्हणाले, "म्हणली, म्हाताऱ्याला सांग, माझ्या डब्यातलं जायफळ गिळायचं न्हाई. पुरणाला ठेवायचं. आन् त्या म्हशीजवळ दुपारभर काय गुलुगुलु चाललं हुतं, ते आधी मला सांगा म्हणावं!"



"तीच," आबा म्हणाले. मग हळूच, "रंगीत हुती का?"

"हिरवं लुगडं हुतं."

त्यांनी जायफळ माझ्या हातावर ठेवलं.

आता आबा बाकी कुणाला अडवत नाहीत. मी घागर घेऊन निघाले की तेवढे ओट्यावरून पुढं सरकतात. "काय म्हणली?"

कौसाकाकू फार बोलायची. तेवढं बोलताना मला दम लागतो.