परकारभाईंचे तीन खेळ

परकारभाई आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पोहायचे. पाण्याच्या टाकीत नव्हे, टाकीच्या शेजारी, स्टुलावर. स्टुलावर पोट टेकवून आडवे व्हायचे, हात पुढे फेकायचे, पाय मागे झाडायचे आणि मधूनमधून मान वळवून तोंडाचा चंबू करून श्वास घ्यायचे. डोळ्यांवर पोहण्याचा निळा चष्मा. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांनी सुरुवातीला तोंडं फिरवली. मग सवय झाल्यावर त्याच विचारू लागल्या, "भाई, आज कुठपर्यंत?"

"उरण मागे टाकलं," भाई गंभीरपणे सांगायचे.

मी त्यांचा समोरचा शेजारी. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत पाळ्या करणारा माणूस. रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरलो की डोक्यात उशीशिवाय दुसरं काही नसतं. नेमके तेव्हाच भाई गेटवर दिसायचे. हातात सायकल.

"देसाईसाब, फक्त विचुंब्यापर्यंत."

म्हणजे ते सायकलवर पुढे आणि मी स्कूटरवर मागे. मागून डंपर आला तर हॉर्न वाजवायचं काम माझं. मी रोज नाही म्हणायचो. पण दमलेल्या माणसाच्या 'नाही'त काही दम नसतो. पाच मिनिटांनी मी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्यांच्या मागे असायचो. आणि सायकल कसली, तर त्यांच्या मुलीची शाळेतली, गुलाबी रंगाची, पुढे बास्केट असलेली. बास्केटमध्ये पाण्याची बाटली आणि खजुराचा डबा.

भाई मूळचे उरणकडचे, कोकणी मुसलमान. तरुणपणी आखातात गेले, तिथे एका बांधकाम कंपनीच्या कामगार-छावणीत मेसचे सुपरवायझर झाले आणि केस पिकल्यावर पनवेलला कायमचे परतले. येताना तिकडच्या बोलीतले दोन शब्द घेऊन आले, "माफी मुश्किल." तिकडे याचा अर्थ 'काही अडचण नाही'. आमच्या सेक्रेटरींना तो कुठून ठाऊक असणार? एकदा त्यांनी चुकून भाईंच्या जागेत गाडी लावली आणि लगबगीने "सॉरी हं" म्हणाले. भाई छातीवर हात ठेवून हसत म्हणाले, "माफी मुश्किल!" त्यानंतर बरेच दिवस सेक्रेटरी लिफ्ट सोडून जिन्याने ये-जा करत होते.

छावणीत जेवण तयार झालं की भाई ताटावर डाव आपटायचे आणि शेकडो माणसं धावत यायची. इथे घरात दोनच माणसं, नसीमभाभी आणि मुलगी तरन्नुम. भाभींनी इतकी वर्षं एकटीने संसार ओढलेला. फ्लॅट त्यांनी बघितला, प्लंबर त्यांनी गाठला, मुलीला शिकवून शाळेत शिक्षिका केलं तेही त्यांनीच. भाई ताट वाजवायचे आणि आतून भाभींचा आवाज यायचा, "अहो, आम्ही मघाशीच जेवलो. तुमचं झाकून ठेवलंय." ताटाचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. माझी झोपमोड व्हायची. धावत मात्र कुणी यायचं नाही.

त्या सुमारास आमच्याकडे जिकडेतिकडे धावण्याची साथ आली होती. कालपर्यंत पानाच्या टपरीवर उभी असणारी माणसं रंगीत बूट घालून करंजाड्याच्या रस्त्याने पळत होती. त्यातच भाईंनी स्टेशनजवळ नवशिक्यांच्या ट्रायथलॉनचा फलक पाहिला. शहराबाहेरच्या एका रिसॉर्टमध्ये आधी तलावात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं.

"एका एंट्रीत तीन-तीन खेळ, देसाईसाब! वर नाश्ता!"

"भाई, तुम्हाला पोहता येतं?"

"खाडीच्या काठावर जन्मलोय मी."

"म्हणजे येतं?"

"नाही. आई जाऊ द्यायची नाही."

स्टुलाचा मुक्काम आटोपून ते एकदाचे खऱ्या पाण्यात उतरले. शिकवणारे पाटील जवळच्या गावातले, बोलायला रोखठोक. मी काठावर बाकावर पेंगत होतो. भाईंनी पायरीच्या दांडीला अशी मिठी मारली होती की पाटील वैतागले. "चाचा, सोडा ती दांडी! आमी हाय ना इथं. पानी काय खाणार नाय तुमाला." भाई पाण्याकडे बघत म्हणाले, "माफी मुश्किल." पाटलांना वाटलं, दांडी सोडायला सांगितल्याबद्दल आपल्यावर चिडले. ते बिचारे बाजूला झाले. मग मात्र भाईंनीच हाका मारून त्यांना परत बोलावलं.

हळूहळू ते तरंगायला लागले. पोहणं म्हणता येईल असं ते नव्हतं, पण बुडणंही नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते आमच्या दारात आले. "उद्या भाभीला आणि तरन्नुमला तुम्ही घेऊन या. मी पुढे जातो."

"अहो, एकाच रिक्षातून जाऊ की सगळे."

"नको. आणि त्यांना आत नाही आणायचं. शेवटची रेषा असते ना, तिथे दोरीच्या पलीकडे उभं करा. समोरच."

मी होकार दिला. वाद घालायचं त्राण नव्हतं.

स्पर्धेचं वर्णन करावं असं त्यात फार काही नाही. पाण्यातून भाई सगळ्यांत शेवटी बाहेर आले. लोक ओल्या अंगाने सायकलींवर झेपावत होते. भाईंनी नीट अंग पुसलं, पावडर लावली, कोरडी विजार आणि इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. तोवर रांगेत गुलाबी सायकल एकटीच उरली होती. ती घेऊन ते रस्त्याला लागले आणि दिसेनासे झाले. सायकल पुढच्या नाक्यावर सोडून तिथून धावत परत यायचं होतं.

मग आम्ही थांबलो. ऊन चढलं. जिंकणारे आले, हरणारे आले, बक्षिसं वाटून झाली, नाश्त्याचे पोहे संपले. मी दोरीपाशी खुर्ची टाकून झोपेशी झगडत होतो. तरन्नुम सारखी रस्त्यावर जाऊन बघून येत होती. भाभी मात्र बसल्या नाहीत. "या वयात हे नसते उद्योग," असं पुटपुटत दोरी धरून उभ्या होत्या. आयोजकांपैकी एक मुलगी शिट्टी गळ्यात अडकवून आली. "तुमचे अंकल अजून आहेत का? आम्ही रेषेवरची कमान सोडायला घेतलीय."

"राहू द्या ती," भाभी एकदम म्हणाल्या. "आमचा माणूस यायचाय."

कमान राहिली.

अखेर वळणावर भाई दिसले. धावत नव्हते, चालतही नव्हते. एक पाय टाकायचा, दुसऱ्याची समजूत घालायची, असं चाललं होतं. मान उंच करून ते दोरीकडे काहीतरी शोधत होते. तरन्नुम ओरडली, "अब्बा, इकडे! इकडे!" भाभींनी हात वर केला. भाई जागच्या जागी थांबले, शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि मग रेषा ओलांडली. शिट्टीवाल्या मुलीने गळ्यात पदक घातलं. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. तरन्नुम पाणी आणायला गेली, भाभी चपला शोधायला. भाईंचा श्वास मावत नव्हता.

"झालं ना मनासारखं?" मी विचारलं. आवाज जरा त्रासिकच होता. "कशासाठी एवढं, भाई?"

भाईंनी बाहीने घाम पुसला.

"सुट्टीवर यायचो ना, तेव्हा विमानतळाबाहेर दोघी रेलिंगला चिकटून उभ्या असायच्या. एवढ्या गर्दीत मला शोधायच्या. मी आधीच बघितलेलं असायचं त्यांना. पण मुद्दाम हळू चालायचो. आता कायमचा आलो. दिवसभर घरातच असतो. घरातल्या माणसाची वाट कोण बघणार, देसाईसाब?"

मी खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी सोडायला लागलो.

तेवढ्यात भाभी चपला घेऊन आल्या आणि त्या त्यांच्या पुढ्यात आपटल्या. "उन्हात उभी राहून पाय गेले माझे! काही कल्पना आहे?"

भाईंनी वर बघितलं.

"खूप वेळ उभी होतीस?"

"मग काय तर!"

"खूप?" त्यांनी पुन्हा विचारलं.